स्ट्रिंगरचा रंधा: गोव्यातल्या मांद्रेतल्या एका पावसाळ्याच्या नोंदी

८ जून २०२४, शनिवार

किनाऱ्यावर लाल बावटे लागले. आता सप्टेंबर सरेपर्यंत पाण्यात जायचं नाही, म्हणून मागच्या हंगामातलं दुखणं काढून बसलोय.

दुखणं असं. फेब्रुवारीत सात फुटी सर्फबोर्ड केला. थर्माकोलचा, म्हणजे ईपीएसचा ब्लँक (ज्यातून बोर्ड घडवतात तो फोमचा ठोकळा), मधे ४ मि.मी. मरीन प्लायचा स्ट्रिंगर, म्हणजे लांबीभर जाणारी लाकडी पट्टी. आकार बरा आला. पण स्ट्रिंगर फोमच्या पातळीला आणताना त्याच्या दोन्ही अंगांना एकेक चर पडला, नोजकडे, म्हणजे बोर्डाच्या पुढच्या टोकाकडे, हातभर लांब. वर काच (फायबरग्लासचं कापड) आणि एपॉक्सी रेझिन चढवल्यावर ते चर रेझिनने भरले आणि आता डेकवर, म्हणजे वरच्या अंगावर, ओल्या वाळूतून स्कूटर गेल्यासारखे दिसतात. ज्याने तो बोर्ड विकत घेतला तो बिचारा काही बोलला नाही. मला मात्र दर वेळी आधी तेच दिसतं.

पॉलिश पेपरने का नाही घासलं, असं विचारणाऱ्यांसाठी: लाकूड कठीण, फोम मऊ. पेपर दोघांवरून एकदम फिरवला की फोम आधी झिजतो आणि स्ट्रिंगर उलट आणखी वर येतो. स्ट्रिंगर कापूनच खाली आणावा लागतो.

आज जुना रंधा समोर ठेवून नीट पाहिला. दीडशे मि.मी. लांबीचा ब्लॉक प्लेन, दुकानातून आणला तसाच वापरलेला. पातं ४० मि.मी. रुंद, दोन्ही कोपरे काटकोनात. चार मिलिमीटर लाकडासाठी चाळीस मिलिमीटरचं पातं! उरलेलं छत्तीस मिलिमीटर लोखंड फोमवर काय करणार, चर पाडण्याशिवाय? मी चार महिने धारेला दोष देत होतो. धार ठीक होती, ती नको त्या जागी होती.

म्हणून या वेळी क्रम उलटा. हत्यार कुठे कापता कामा नये ते आधी ठरवायचं, धारेचं नंतर.

आजची खरेदी: ९० मि.मी.चा मिनी रंधा, २५ मि.मी. पात्याचा, ३८० रुपये. काचवाल्याकडून १० मि.मी. जाड काचेचा तुकडा, १२० रुपये. पाण्याचे पॉलिश पेपर आणि ८० नंबरचा साधा, मिळून दहा, २२० रुपये.

९ जून

मिनी रंध्याचा तळ काचेवर टेकवला आणि शेजारच्या गॅरेजवाल्याचं फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा) आणून तोंडाजवळ, म्हणजे पातं बाहेर येतं त्या फटीजवळ, सरकवलं. ०.२ मि.मी.ची पट्टी आरामात आत गेली. म्हणजे रंधा दोन टोकांवर उभा आणि मधे अधांतरी.

काचेवर ८० नंबरचा पेपर चिकटवला, तळावर मार्कर पेनाने आडव्या रेघा मारल्या आणि घासत बसलो. दीड तासात रेघा गेल्या. खूश होऊन पातं बसवलं, वरचा स्क्रू आवळला, पुन्हा काचेवर ठेवलं तर परत पोकळी. स्क्रू आवळल्यावर अंगच वाकतं. पातं आत ओढून, पण स्क्रू कामाच्या वेळी आवळतो तेवढाच आवळून तळ घासायचा असतो. हे मला माहीत होतं, तरी घाई केली. आणखी एक तास गेला.

नंतर बारीक कानशीने तळाच्या चारही कडा गोल केल्या, दोनेक मि.मी. फोमवर बोट फिरवल्यासारखा रंधा सरकला पाहिजे. पुढची कड जरा जास्तच उतरवली, नाहीतर ती फोममध्ये नाक खुपसते.

१४ जून, शुक्रवार

म्हापशाचा बाजार. पावसाने निम्मे विक्रेते प्लॅस्टिकखाली. जुन्या लोखंडाच्या ढिगात एक स्पोकशेव्ह मिळाला. दोन कानांचा, मधे पातं असलेला छोटा रंधा म्हणा. तळ सपाट, पातं गंजलेलं पण भरीव. तीनशे सांगितले, अडीचशेला दिला. हा नोजकडच्या खोलगट भागासाठी.

१५ जून

मिनी रंध्याच्या पात्याचे कोपरे ग्राइंडरवर उडवायला घेतले. हातमोजे घातले होते, ही पहिली चूक. पातं किती तापलंय ते कळलंच नाही. डाव्या कोपऱ्यावर आधी पिवळसर, मग तपकिरी आणि बघता बघता मोरपिशी निळा रंग चढला. पोलाद निळं झालं म्हणजे ते तीनशे अंशांच्या आसपास गेलं, आणि साध्या कार्बन पोलादाचा कडकपणा तिथे संपला. त्या कोपऱ्यावर आता धार टिकणार नाही.

शेजारचे मेस्तकाका (आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात) पडवीत आले, पातं हातात घेऊन उजेडात धरलं. म्हणाले, "घाई कित्याक?" मग त्यांची पद्धत सांगितली. पातं उघड्या बोटांनी धरायचं, बोटं चाकापासून दोन इंचांवर. चटका बसला की पाण्यात. बोटाला सोसतं तोवर पोलादालाही सोसतं.

निळ्याच्या मागे ३ मि.मी. घासून टाकले. पाण्यात बुडवत बुडवत, पाऊण तास. तरी समाधान होईना, म्हणून पात्यावर साधी कानस ओढून पाहिली. कानस चावली. मूळचंच मऊ निघालं. म्हणजे मी मऊ पातं जाळून आणखी मऊ केलं, एवढाच काय तो फरक.

१८ जून

नवं पातं करायचं ठरवलं. पॉवर हॅक्सॉची जुनी ब्लेडं एचएसएसची, म्हणजे हाय स्पीड स्टीलची, असतात. लोहार आणि चाकूवाले त्यांची पाती करतात. हे पोलाद ग्राइंडरवर निळं झालं तरी कडकपणा सोडत नाही. माझ्यासारख्यासाठी वरदानच.

वर्कशॉपमधून ६० रुपयांना एक तुटकं ब्लेड आणलं. कानस ओढून पाहिली, घसरली. कटिंग व्हीलने २५ मि.मी. रुंद तुकडा कापला, दाते घासून काढले, एका टोकाला उतार दिला, काचेवर धार लावली. तीन तास. स्ट्रिंगरच्या उरलेल्या प्लायवर दोन फूट चालवलं आणि धार गुंडाळली गेली. भिंगातून पाहिलं तर कड चक्क मागे वळलेली.

मेस्तकाकांनी पुन्हा उजेडात धरलं. "हें पोलाद न्हय रे, हो पत्रो."

कारण नंतर उमगलं. काही ब्लेडं बायमेटल असतात. फक्त दात्यांची कड एचएसएसची, पाठ साध्या लवचीक पोलादाची, दोन्ही जोडलेली. मी कानस दात्यांकडे ओढून पाहिली होती, आणि दाते तर मीच घासून टाकले. कानस पाठीवर ओढून पाहा. तिथेही घसरली तरच घ्या.

२४ जून

सांजाव, विहिरीत उड्या मारायचा सण. काम नाही. गावातली निम्मी पोरं विहिरीत, उरलेली काठावर.

२७ जून

दुसरं ब्लेड १५० रुपयांना, सबंध एचएसएसचं. या वेळी पाठ, मध्य, दाते, तिन्हीकडे कानस ओढली. सगळीकडे काचेवर फिरल्यासारखी घसरली. सुमारे २ मि.मी. जाड. या रंध्यात पातं फक्त वरच्या स्क्रूने दाबलं जातं, त्यामुळे भोक पाडायची गरज नाही. नशीब, कारण या पोलादात साधं ड्रिल शिरत नाही.

कापायला तीन कटिंग व्हील लागली (९० रुपये). धारेचा क्रम: १८०, ४००, १०००, २०००, सगळे काचेवर पाणी टाकून, शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर हिरव्या पॉलिशची वडी. एचएसएस घासायला फार वेळ खातं. पाठ आरशासारखी करायच्या नादात दोन तास घालवले. कडेजवळचे ५ मि.मी. पुरे होते.

कोनाबद्दल. या रंध्यात पातं धारेचा उतार वर करून बसतं आणि ते ज्यावर टेकतं ती बैठक २० अंशांची आहे. २५ अंशांचा उतार दिला की लाकडाला प्रत्यक्षात ४५ चा कोन मिळतो. प्लायमध्ये एक थर उभा, एक आडवा. आडवे थर ४५ ला उचकटत होते. उतार ३२ केला, म्हणजे एकूण ५२. ढकलायला जड, पण काप स्वच्छ.

धार तपासायला कागद कापून बघू नका, कागद काहीही कापतं. ईपीएसच्या तुकड्यावरून पातं हाताने ओढा आणि तिरक्या उजेडात पाहा. धार असेल तर दाणा मधोमध कापला जातो, भिजलेला साबुदाणा सुरीने अर्धा केल्यासारखा, चकचकीत. धार नसेल तर दाणा मुळासकट उपटून येतो आणि मागे खळगा राहतो. माझी "उत्तम" धार २००० नंबरनंतरही दहातले चार दाणे उपटत होती. चामड्यावर तीसेक हात मारल्यावर दहातला एखादाच.

२ जुलै

आता खरा मुद्दा, पात्याची गोलाई. कड सरळ न ठेवता मधे किंचित पुढे, कोपरे मागे, म्हणजे मधलंच पातं कापेल. सुतारकामाच्या सल्ल्यांप्रमाणे कोपऱ्यांवर बोटाचा दाब देऊन काचेवर दहा-दहा हात मारले. स्टीलची पट्टी लावून फीलर गेजने मोजलं: कोपरे ०.३ मि.मी. मागे. लाकडात एवढं पुष्कळ समजतात.

रुंद पाइनच्या फळीवर बारीक साल काढून पाहिली. रुंदी १७ मि.मी. म्हणजे चार मि.मी.च्या स्ट्रिंगरबरोबर दोन्हीकडचा साडेसहा-साडेसहा मि.मी. फोमही जाणार. चर पडणार नाहीत, पण पन्हळ पडणार.

५ जुलै

दोन दिवस डोकं खाजवलं. ०.३ असून साल एवढी रुंद कशी? मग वहीत रेघा मारल्यावर कळलं. पातं २० अंशांवर जवळजवळ आडवं झोपलेलं आहे. पात्यावर मोजलेली गोलाई तळाखाली उतरताना सुमारे एक तृतीयांशच उरते. ०.३ ची झाली ०.१. ४५ अंशांवर उभं पातं असलेल्या मोठ्या रंध्यांसाठीचे आकडे इथे लागू पडत नाहीत.

हा हिशेब हाती आल्यावर काचेचा नाद सोडून ग्राइंडरवर गेलो. ०.९ वर साल १० मि.मी. रुंद. १.८ वर ७ मि.मी. तिथे थांबलो. त्याहून गोल केलं तर साल स्ट्रिंगरएवढीच अरुंद होईल आणि हात जरा हलला की पातं लाकूड सोडून देईल. ७ मध्ये दोन्हीकडे दीड मि.मी.ची सूट मिळते. माझ्या हाताला तेवढी लागते.

गोल कडेला काचेवर धार लावताना पातं डावी-उजवीकडे डोलवत न्यावं लागतं. वीसेक मिनिटांत हाताला सवय झाली.

८ जुलै

मेस्तकाका म्हणाले, तोंड फार उघडं आहे, म्हणून लाकूड उचकटतं. बरोबरच आहे. साडेतीन मि.मी.चं तोंड म्हणजे दरवाजाच. पात्याखाली १ मि.मी. पितळी पत्र्याची पट्टी घातली (पत्रा ९० रुपये). बैठक २० अंशांची असल्यामुळे पातं १ मि.मी. उचललं की कड जवळजवळ ३ मि.मी. पुढे सरकते. तोंड उरलं अर्धा मि.मी. प्लायवर अशी साल निघाली की काकांनी ती दोन बोटांत धरून फुंकली.

मग फोमवर. दोन फुटांत रंधा थांबला. तोंडात थर्माकोलचे दाणे गच्च. टाचणीने काढले, पुन्हा दोन फूट, पुन्हा गच्च. वर ते दाणे विजेने भारलेले, हाताला, पात्याला, दाढीला चिकटतात, झटकले तरी परत येतात. तासाभरात एक स्ट्रिंगर निम्मासुद्धा झाला नाही.

पट्टी काढून अर्ध्या मि.मी.ची घातली. तोंड दोन मि.मी. दाणे बाहेर पडतात आणि उचकटणंही आटोक्यात. काकांना सांगितलं तर त्यांना पटलं नाही. लाकडात ते शंभर टक्के खरे आहेत. थर्माकोलला त्यांनी आयुष्यात रंधा लावलेला नाही.

११ जुलै

लाज वाटण्याजोगी नोंद. या हवेत उघडं लोखंड रात्रीत गंजतं. समुद्रावरचा खारा वारा आणि जुलैची ओल. म्हणून रंध्याच्या तळाला खोबरेल लावून ठेवत होतो. काल सरावाच्या तुकड्यावर काच चढवली. आज सकाळी स्ट्रिंगरच्या शेजारी रेझिन पाणी पडलेल्या तव्यासारखं फुटून मागे सरलेलं, मधे कोरडी बेटं. तेल फोमला लागलं होतं.

सरावाचा तुकडा होता म्हणून निभावलं. आता तेल नाही. हत्यारं झाकणाच्या डब्यात, कापराच्या वड्या आणि बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून. रंध्याच्या तळाला गुळगुळीत इन्सुलेशन टेपच्या दोन पट्ट्या लावल्या, पात्याच्या मधल्या भागाला मोकळं सोडून (टेप २० रुपये). गंज फोमला लागत नाही आणि बिडाच्या तळाचे राखाडी ओरखडेही पांढऱ्या फोमवर उठत नाहीत. पारदर्शक बोर्डावर ते ओरखडे कायमचे दिसतात. टेप जाड असल्यामुळे पातं तेवढं जास्त काढावं लागतं. दोन बोर्डांनंतर टेप बदलायची.

१७ जुलै

आषाढी. घरात साबुदाणा आणि बाहेर थर्माकोल, आज दोन्हीकडे दाणेच दाणे.

सरफॉर्म काढला. किसणीसारख्या भोकांच्या पात्याचं हे हत्यार फोमसाठी सगळेच वापरतात. जुने शेपर, म्हणजे बोर्ड घडवणारे, त्याच्यावर जीव टाकतात ते पीयू (पॉलियुरेथेन) फोममुळे. तो दाट आणि बारीक, छान किसला जातो. २००५ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातली क्लार्क फोम ही ब्लँक बनवणारी कंपनी एका दिवसात बंद झाली आणि ब्लँकांचा तुटवडा पडला, तेव्हा बरेच जण ईपीएसकडे वळले. त्याआधीच्या युक्त्या पीयूच्या आहेत. ईपीएसवर नवं कोरं सरफॉर्म दाणे कापत नाही, ओरबाडतं.

नव्या पात्यावर बोट हळूच फिरवलं तर काही दाते इतरांपेक्षा उंच लागतात. तेच ओरबाडतात. कार्बोरंडमचा सपाट दगड पात्यावर आडवा ठेवून, दाब न देता, फक्त दोन हात फिरवले. उंच दात्यांची टोकं चमकली. पुन्हा ईपीएसवर चालवलं तर खळगे निम्म्याने कमी. तिसरा हात फिरवला तिथे चुकलं. दाते बोथट झाले आणि पातं फोमवरून नुसतं घसरायला लागलं. ते आता लाकडाच्या फिनसाठी (बोर्डाखालच्या कल्ल्यासाठी) ठेवलंय. दोन हात म्हणजे दोनच.

जुनं गंजलेलं पातं माडाच्या विनेगरमध्ये रात्रभर बुडवलं. गंज गेला, भोकं मोकळी झाली. धार वाढते असं म्हणतात. मला जाणवलं ते एवढंच की ते आता अडकत नाही. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन चुलीजवळ लगेच वाळवा, नाहीतर तासाभरात केशरी. विनेगरची बाटली स्वयंपाकघरात परत ठेवू नका, हेही इथेच नोंदवतो.

२० जुलै

रेलसाठी, म्हणजे बोर्डाच्या बाजूच्या कडांसाठी, सरफॉर्मचं पातं दांड्यातून काढून हाताने वाकवून वापरायची युक्ती आहे. टोकांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. रेलच्या गोलाईवर फार छान बसतं, एका ओढीत अख्खा कोन उतरतो. लोभ सुटला. टेलजवळची, म्हणजे मागच्या टोकाची, गोलाई लहान, म्हणून आणखी वाकवलं. टक्. मधोमध दोन तुकडे, ३४० रुपये गेले. कडक पोलाद एवढंच वाकतं. टेलसाठी पेपर लावलेला फोमचा ठोकळा पुरतो.

तुटलेला अर्धा तुकडा फेकू नका. पन्नास मि.मी. कापून लाकडी गुटक्यावर स्क्रूने बसवला, नोजच्या टोकासाठी आता तोच हातात येतो.

२३ ते २६ जुलै

स्पोकशेव्ह. चार संध्याकाळी, त्यातल्या तीन फुकट.

हेतू असा: डेक वर करून बोर्ड ठेवला की नोज वर उचललेली, म्हणजे लांबीच्या दिशेने तो भाग खोलगट. तिथे ९० मि.मी.चा मिनी रंधा दोन टोकांवर टेकतो आणि पातं हवेत राहतं. मी ठरवलं की स्पोकशेव्हचा तळ गोल करायचा. कानस घेऊन तोंडाच्या पुढे-मागे उतार दिला. दोन संध्याकाळी. पातं लावून चालवलं तर थरथर, कडकड, स्ट्रिंगरवर शिडीसारख्या आडव्या खुणा. तोंडामागचा भाग जास्त घासला गेला होता आणि पात्याला कडेजवळ आधारच उरला नव्हता.

मग वहीत गणित केलं, जे आधी करायला हवं होतं. नोजकडच्या वळणाची त्रिज्या माझ्या टेम्पलेटवर सुमारे १ मीटर. ९० मि.मी. लांब तळाखाली मधे फट पडते १ मि.मी. म्हणून रंधा चालत नाही, बरोबर. स्पोकशेव्हचा तळ लांबीला फक्त २२ मि.मी. त्याच्याखाली फट ०.०६ मि.मी. पातं तेवढं बाहेर काढलं की संपलं. सपाट तळ मुळात चालतच होता!

तिसऱ्या संध्याकाळी अख्खा तळ काचेवर घासून परत सपाट केला. चौथ्या संध्याकाळी पात्याला धार आणि गोलाई. इथे पातं उतार खाली करून, उभं बसतं, त्यामुळे १.८ ची गरज नाही, ०.८ मि.मी. पुरली. वर टेप. हे पातं जुनं कार्बन पोलाद, त्यामुळे धार चटकन लागते आणि चटकन जाते.

३ ऑगस्ट

मासेमारीची बंदी उठली. रेझिन आणायला गेलो तर दुकानात होड्या दुरुस्त करणाऱ्यांची गर्दी. दुकानदार स्वस्तातलं पॉलिएस्टर रेझिन पुढे करत होता. ईपीएसवर ते ओतलं तर त्यातलं स्टायरीन फोम विरघळवून टाकतं. एपॉक्सीच घ्या, भाव ऐकून बसायची तयारी ठेवून.

नव्या ब्लँकमध्ये स्ट्रिंगर प्लायऐवजी शिवणीच्या लाकडाचा, ४ मि.मी. पट्टी, मेस्तकाकांनी कापून दिलेली. आडवे थर नाहीत, एकच रेषा, रंध्याला सोपा.

१० ऑगस्ट

आज पहिल्यांदा खऱ्या ब्लँकवर. दहा मिनिटांत पात्याला तीन खाचा.

लाकडाने नाही, डिंकाने. फोम आणि स्ट्रिंगर चिकटवताना मी एपॉक्सी सढळ हाताने लावलं होतं. ते फोमच्या दाण्यांमध्ये शिरून काचेसारखं कडक झालं आणि स्ट्रिंगरच्या दोन्ही बाजूंना दोन रेषा उभ्या. जे पातं शिवणीतून लोण्यासारखं जातं ते त्या रेषांवर कुरतडलं जातं. खाचा काढायला ग्राइंडरपासून सुरुवात, दीड तास.

आता क्रम असा: आधी जुन्या, मूळ मऊ पात्याने (फेकलं नव्हतं, बरं झालं) डिंकाच्या रेषा उतरवायच्या, मग चांगलं पातं. पुढच्या ब्लँकला एपॉक्सी पातळ थरात लावून जास्तीचं कोरड्या कापडाने पुसून घेणार.

११ ऑगस्ट

दिशेबद्दल, कारण इथे एक इंच लांब ढलपी उडाली. स्ट्रिंगरच्या लाकडाची रेषा सरळ जाते, पण बोर्ड वाकलेला. त्यामुळे नोजजवळ रेषा कापली जाते आणि उलट्या दिशेने गेलं की पातं लाकडाखाली शिरतं. नियम एकच, उतारावरून खाली. बॉटम, म्हणजे खालचं अंग, वर असेल तर मध्य उंच, म्हणून मधून नोजकडे आणि मधून टेलकडे. डेक वर असेल तर टोकं उंच, म्हणून नोजकडून मधे, टेलकडून मधे. मी बॉटमची सवय डेकवर चालवली. ढलपी शोधून, डिंकाने परत चिकटवून, टेप लावून रात्रभर ठेवली. ती सापडली भुशात नाही, माझ्या चपलेत.

१५ ऑगस्ट

सुट्टी, अखंड पाऊस, दुपारी दोन तास वीज नाही. नाहीतरी हातहत्यारांना वीज लागते कशाला. स्ट्रिंगर पूर्ण. डेकवरून डोळे मिटून बोट आडवं फिरवलं. फोम, लाकूड, फोम. लाकूड कुठे लागलं ते फक्त गारव्यावरून कळतं. चर नाहीत. नोजच्या शेवटच्या आठ सें.मी.त मात्र अजून जरा उचकटलेलं आहे. तिथे स्पोकशेव्हचे कान धरायला जागा नाही आणि गुटका खडबडीत पडतो. तिथे पटाशी उलटी धरून खरवडलं. चालून गेलं, पण हा प्रश्न सुटलेला नाही.

१ सप्टेंबर

काच चढवली, एपॉक्सी बसलं, बेटं नाहीत.

खर्च: मिनी रंधा ३८०, काच १२०, पेपर २२०, स्पोकशेव्ह २५०, हॅक्सॉ ब्लेडं ६० आणि १५०, कटिंग व्हील ९०, पितळी पत्रा ९०, सरफॉर्मची दोन पाती ६८०, टेप २०. एकूण २,०६० रुपये, बोर्डाचा माल सोडून. त्यातले ४०० सरळ वाया: बायमेटल ब्लेड आणि मोडलेलं पातं. वेळ साठेक तास. माझ्या चुका वगळून कोणी केलं तर वीसात व्हावं.

५ सप्टेंबर

परवा चवथ. मेस्तकाकांकडे माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर फळं टांगतात त्या, चौकटीची एक पट्टी फुगली होती, म्हणून सकाळी मी घरी नसताना ते माझा मिनी रंधा घेऊन गेले. संध्याकाळी परत आणला. पट्टीवर शेजारी शेजारी सात-सात मि.मी.च्या पन्हळी पडल्या होत्या, मंगळुरी कौलांसारख्या.

"इतके महिने बसून हें केलंस?" म्हणाले.

मी त्यांना माझा मोठा ब्लॉक प्लेन दिला. चौकोनी कोपऱ्यांचा, दुकानातून आणला तसाच. पट्टी दहा मिनिटांत सपाट. मिनी रंध्यावर मार्करने लिहून टाकलंय: फक्त स्ट्रिंगर.